समोरच्यांचा न बदलणारा नंबर

"अरे, तुझ्या घरात पाळणा कुणाचा?"

आईने अमेरिकेतून फोनवर हे विचारलं, तेव्हा मी सूसमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, गणपतीसाठी रिकाम्या केलेल्या कोपऱ्याकडे बघत बसलो होतो. आमचा पाळणा माळ्यावर जाऊन तप उलटलं होतं. त्यात झोपलेली मुलगी आता कोल्हापूरला वसतिगृहात राहून शिकत होती.

"कसला पाळणा, आई?"

"निळ्या दुपट्याचा. आत बाळ आहे. आणि त्याच्या पायात... अरे देवा, मी विणलेले मोजे! हे तर आपलंच बाळ!"

घोटाळा माझाच होता. अमेरिकेतल्या धाकट्या भावाला मुलगा झाला होता, म्हणून आई तिकडे गेली होती. भावाने इंटरनेटवरून दिसणारे दोन कॅमेरे घेतले, अगदी एकसारखे. एक बाळाच्या पाळण्यावर लावला आणि दुसरा तिकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर मला पाठवला. मी माझा कॅमेरा जोडला, त्याच्या माहितीत दिसला तो नंबर, एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट आणि पुढे काहीतरी, मोठ्या ऐटीत भावाला कळवला. त्याने तो आईला लावून दिला, आणि सूस बघायला बसलेल्या आईला शेजारच्या खोलीतला पाळणा दिसला. कारण तो नंबर घरातल्या घरात चालणारा होता, आणि कारखान्यातून निघताना दोन्ही कॅमेऱ्यांना तोच मिळाला होता. घरोघरी एक बाळू असतो. नुसतं 'बाळूला बोलवा' म्हणून अमेरिकेला निरोप धाडला, तर तिथल्या घरातला बाळूच ओ देणार!

"दादा, घरातला नको रे, बाहेरचा नंबर पाठव," भाऊ हसू दाबत म्हणाला. "जो तुझ्या इंटरनेटवाल्याने तुला दिलाय तो."

हे सगळं मी कशासाठी करत होतो, ते सांगायला हवं. आईने आयुष्यात एकदाही घरचे गौरी-गणपती चुकवले नव्हते. भावाकडे जायला ती तयारच नव्हती, ती एवढ्याचसाठी. शेवटी मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आई, तू जा. गणपती आणि गौरी, दोन्ही तुला तिथे बसल्या जागी दाखवतो. शब्द देतो." मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर्स बघतो. कॉम्प्युटरवर आलेला माल चढवायचा नि गेलेला उतरवायचा, एवढीच माझी विद्या. असल्या माणसाने हा शब्द दिला, त्याचं कारण आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होतं.

समोरचा म्हणजे नागपूरकडचा, हिंजवडीत नोकरीला असलेला तरुण गृहस्थ. मला 'काका' म्हणायचा, ते एक वेगळंच दुखणं. त्याने घर घेतलं, गाडी घेतली, फ्रिज दोन दारांचा घेतला, हे सगळं मी मोठ्या मनाने सहन केलं होतं. पण एके संध्याकाळी जिन्यात भेटला आणि सहज, अगदी सहज, म्हणाला, "आमचं स्टॅटिक आहे नं काका."

जावई डॉक्टर आहे, हे लोक ज्या आवाजात सांगतात, तो आवाज.

मग त्यानेच समजावलं. आपल्या इंटरनेटला बाहेरच्या जगात एक नंबर असतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. तुमच्या-आमच्यासारख्यांचा नंबर बदलत राहतो. लाइट गेली, मोडेम बंद पडून परत चालू झाला, की नवा. त्याने मात्र जादा भरून कायमचा एकच नंबर घेतला होता. हॉलमध्ये कॅमेरा लावला होता, देव्हाऱ्यापासून दारापर्यंत सगळं दिसेल असा. दार उघडं असलं तर पलीकडचं आमचं दारसुद्धा त्यात यायचं. हिंजवडीतल्या टेबलावरून तो घर बघायचा आणि बायकोला फोन करायचा, "दूधवाला आला बघ. टीव्हीचा आवाज कमी कर. भाजी निवडताना पंख्याखाली नको बसू, पानं उडून राहिली." आपला नंबर तो सगळ्यांना वाटायचा. मलाही दिला होता. मीच तो पुढे भावाला पाठवला होता, नमुना म्हणून, 'असं दिसतं बघ.' मनात असं होतं की महिन्याभरात मीही त्याला म्हणेन, आमचंही स्टॅटिक आहे नं.

"बायको काय करते ते ऑफिसातून दिसतं!" मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "हो का," आणि शेंगा सोलत राहिली. मला वाटलं, तिलाही हेवा वाटला.

तर पाळण्याच्या प्रकरणानंतर मी तडक सूस गावात गेलो. आमच्या इंटरनेटवाल्याचं ऑफिस त्याच्या स्वतःच्याच इमारतीत होतं. ती इमारत त्याच्या स्वतःच्याच शेतात उभी राहिली होती, आणि वरच्या खोल्यांत आमच्यासारखेच बाहेरून आलेले भाडेकरू राहत होते. त्याला इंटरनेटची घाई कधीच नसायची.

"स्टॅटिक?" त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सायेब, तुमाला कशाला पायजे? दुकान मांडताय का काय?"

"आईला गणपती दाखवायचाय. अमेरिकेत."

"मग दावा की. हाय त्या नंबरवर बी दिसतंय."

"पण तो बदलतो ना! का बदलतो हो?"

"आता बघा, माज्याकडं नंबर हायेत थोडं, आन गिऱ्हाइकं लई. समदी काय एकदम बसत न्हाईत. मंग जो यील त्यो मोकळी सीट बघून बसतो. उतरला की सीट गेली, परत चढला की दुसरी. यष्टीवानी."

"आणि समोरच्यांचं?"

"त्यांनी रुमाल टाकून ठेवलाय."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझा हात धरणारा आमच्या घराण्यात कुणी नाही. आणि इथे मी दांड्याला लोंबकळणार! म्हटलं, "मलाही टाकू द्या रुमाल."

"टाका की. पर गणपती झाल्यावर. वरनं नंबर यावा लागतोय. आत्ता समद्यास्नी सुट्टी हाय."

"समोरच्यांना लगेच दिला होता!"

"त्यांनी उन्हाळ्यात मागितला," तो शांतपणे म्हणाला.

माणूस उन्हाळ्यातच गणपतीची तयारी करतो, हाही त्याचा एक दुर्गुणच मी धरला.

त्याच संध्याकाळी समोरच्याने मला जिन्यात गाठलं. त्याला कुठून कळलं होतं, कोण जाणे. "काका, स्टॅटिकची गरजच नाही नं तुम्हाला. एक फुकटची सोय असते. नंबर कितीबी बदलू द्या, तुमच्या नावावर घर सापडतं. आईंना नुसतं नाव लिहायचं. करून देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे."

माझ्या सगळ्या अडचणीचं उत्तर समोर चपला काढायच्या तयारीत उभं होतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "छे छे, आमचं सगळं झालंय. अगदी व्यवस्थित."

दार लावून घेतल्यावर बायकोने विचारलं, "काय झालंय व्यवस्थित?"

"अगं, असल्या फुकटच्या सोयी टिकत नाहीत," मी म्हणालो. खरं कारण पोटात होतं. त्याच्या हातून मिळालेल्या सोयीने आईला गणपती दिसला असता, तर जन्मभर आई म्हणाली असती, समोरच्या मुलाने दाखवला.

मग मी माझ्या पद्धतीने काम चालवलं. नंबर बदलला की नवा नंबर काढायचा आणि आईला फोनवर सांगायचा. भावाने आईला एवढं शिकवून ठेवलं होतं, वरच्या पट्टीत आकडे लिही, मोठं बटण दाब. भाऊ कामात असला तरी आई एका बोटाने आकडे टिपायची, दुसऱ्या हातात बाळ.

त्या काळात लाइट रोज जायची, आणि एकदा गेली की परत कधी येईल ते तिलाच ठाऊक. गेली की नंबर गेला. मी फोन करायचो, "आई, घे, नवीन सांगतो."

"थांब, चष्मा... हं. टिंब आधी की आकडा आधी?"

"आकडा. टिंब आधी कसं येईल?"

"आता मला काय ठाऊक? तुमच्या नंबरला काही धरबंध आहे का? समोरच्यांचा बघ, एकदा लिहिला तो लिहिला."

म्हणजे तो नमुन्याचा नंबर आईने जपून ठेवला होता. हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, पण पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा कल्पना नव्हती.

चतुर्थीला मात्र सगळं जमून आलं. आमची सकाळ, आईची आदली रात्र. ती मुद्दाम जागी राहिली होती. गणपती दिसल्यावर तिने हात जोडले असणार, कारण फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी आनंदाने बायकोकडे बघितलं. तेवढ्यात आई सुरू झाली.

"दूर्वांची जुडी उजवीकडे हवी. उंदीर झाकला गेलाय फुलांनी. अगं, समई जरा मागे घे, धूर मूर्तीवर जातोय."

बायकोने समई मागे घेतली.

"घे ना मागे."

"घेतली, आई."

"कुठे घेतलीस? मला दिसतंय की."

चित्र पोचायला वेळ लागत होता. बायकोने समई आणखी मागे घेतली. मग आईला पहिली हालचाल दिसली, तिने "हं, बास" म्हटलं, आणि मग दुसरीही दिसली. "अगं, आता भिंतीला लागेल!" बायकोने समई होती तिथे आणली आणि मोदक बघायला आत गेली.

मी मात्र तरंगत होतो. समोरच्याच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "आईला अगदी स्पष्ट दिसला हो!"

खरी कसोटी गौरींची होती. आमच्याकडे गौरींचे मुखवटे असतात, उभ्या करायच्या आणि साड्या नेसवायच्या. हे काम कायम आईचं. लग्न झाल्यापासून बायकोच्या वाट्याला काय, तर टाचण्यांची डबी धरून बाजूला उभं राहायचं. या वर्षी पहिल्यांदा ती एकटी नेसवणार होती. थोरलीला आईचं जांभळं इरकल ठरलेलं, ते इस्त्री करून कपाटात होतं. फोनवर आईने चार दिवस आधीपासून बजावलं होतं, "मी पहाटे उठून बसते. नेसवायला घ्याल तेव्हा सांगा. निऱ्या मी बघते." आईची पहाट म्हणजे आमची दुपार.

मी रजा घेतली होती. दुपारी बायकोने मला फुलं आणायला पिटाळलं. जाण्याआधी मी मोडेमचे दिवे तपासले, आईला नंबर सांगितला, तिचं "हं, दिसतंय" ऐकलं आणि निघालो. परत आलो तोवर आईचे तीन फोन येऊन गेले होते. चित्र नाही.

"लाइट गेली होती का?" मी विचारलं.

"काही कल्पना नाही बाई," आतून बायको म्हणाली. हॉलमध्ये जुन्या चादरीचा आडोसा केला होता. "तुम्ही केळीची पानं विसरलात. जा."

मोडेम चालू होता, नंबर नवा. मी आईला तो सांगितला, पानं आणायला गेलो. आलो, तर नंबर पुन्हा बदललेला! नवल म्हणजे समोरच्यांच्या दारावरची दिव्यांची माळ मजेत लुकलुकत होती. एकाच मजल्यावर, एकाच खांबावरून आलेली वीज. त्यांच्याकडे असते आणि आमच्याकडे जाते! मी घामाघूम होऊन शर्ट काढला आणि तसाच बाहेर येऊन मीटरच्या पेटीत डोकावलो. पेटीत काही सापडलं नाही. सापडली ती समोरच्यांच्या उघड्या दारातून दिसणारी महालक्ष्मींची जोडी. पिवळ्या साड्या, मोत्यांच्या नथी, मागे केळीचे खांब. समोरची बिचारी स्टुलावर चढून पदर लावत होती आणि कानाला फोन, तिचा नवरा हिंजवडीहून सांगत होता, "डावीकडचीचा वर घे. तिकडे नाही, माझ्या डावीकडे."

काय सुख आहे, मी मनात म्हणालो. माणूस ऑफिसात, तरी गौरी त्याच्या देखरेखीखाली. आणि मी रजा घेऊन घरी, तर माझ्या गौरी चादरीमागे नि आई अंधारात!

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. आई.

"अरे, लोकांच्या दारात बनियनवर काय उभा राहिलास?"

मी आधी मागे पाहिलं, मग वर पाहिलं. समोरच्यांच्या भिंतीवरून कॅमेऱ्याचा लाल ठिपका माझ्याकडे बघत होता.

"आई! तू समोरच्यांकडे काय बघतेस?"

"मग काय करू? तुमच्याकडे नुसतं काळं दिसतंय. म्हटलं, तोवर यांच्या बघू. छान बसल्यात हो. त्या मुलीचा हात चांगला आहे. आता आत जा आणि शर्ट घाल."

सख्खी आई! आमच्या घराण्याच्या गौरींसाठी पहाटे उठलेली, आणि शेजाऱ्यांच्या महालक्ष्मी बघून समाधान मानत होती. तेही मीच पुरवलेल्या नंबरवर. मी शर्ट घातला, स्कूटर काढली आणि सरळ सूस गाव गाठलं.

इंटरनेटवाला जेवत होता. मी दारातूनच म्हणालो, "स्टॅटिक पाहिजे. कितीही दिवस लागू द्या. नाव घालून ठेवा माझं."

"घातलं," तो म्हणाला. "पर लाइट तर आज दिवसभर हाय, सायेब. काय झालं काय?"

त्याच्या या प्रश्नावर मी विचार करायला हवा होता. पण हेव्याने माणसाचं डोकं चालत नाही, नुसती स्कूटर चालते.

घरी आलो तेव्हा चादर काढलेली होती. दोन्ही गौरी उभ्या होत्या, आणि थोरलीच्या अंगावर आईचं इरकल नव्हतं. दोघींना मोरपंखी साड्या, एका रंगाच्या, सख्ख्या बहिणींनी ठरवून घ्याव्यात तशा. इरकल घडी घालून मागच्या पडद्यासारखं सोडलं होतं, त्याचे काठ दोघींच्या मधून दिसत होते. निऱ्या अशा बसल्या होत्या की हात लावायची भीती वाटावी. बायको टाचण्यांची डबी मिटत होती.

"आता सांगा आईंना नंबर," ती म्हणाली. आवाज जरा कोरडा होता.

मी सांगितला. आकडे, टिंब, मोठं बटण. चित्र पोचेपर्यंत मी इरकलाच्या बाबतीत काय सारवासारव करायची ते ठरवत होतो.

"तिला दे फोन," आई म्हणाली.

बायको फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. शेपूच्या भाजीचा वास आणि "हो," "नाही आई," "हो, तुमच्याच डबीतल्या टाचण्या," एवढंच बाहेर आलं. परत आली तेव्हा डोळे पुसत होती. फोडणीमुळे, म्हणाली.

सातव्या दिवशी सगळ्यांची पाठवणी झाली. हॉलचा कोपरा पुन्हा रिकामा. बायको मोरपंखी साड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं, बातमी द्यायची हीच वेळ.

"सांगून आलोय सूसला," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात आपलाही नंबर कायमचा बसतो. समोरच्यांसारखा."

तिने घडी मांडीवर ठेवली.

"अहो, त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती. मीच बंद करत होते ते मोडेमचं खोकं. निऱ्या घालताना अमेरिकेतून कोणी बघत असेल तर माझी एक निरी धड बसत नाही. झाल्यावर मी दाखवणारच होते, आणि दाखवल्या. तुमच्या आई काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, एवढ्या वर्षांत मला कधी अशा जमल्या नाहीत, आणि मेला हेवा वाटतोय मला तुझा; पुढच्या वर्षी टाचण्या मी धरते. ही झाली त्यांची गोष्ट. आता समोरचीची ऐका. तिलाही मी तो बटणाचा उपाय सांगितला होता. बिचारीने दोनदा करून पाहिला. बंद करून चालू केलं की तिचा तोच नंबर परत, आणि पाठोपाठ नवऱ्याचा फोन, काय गं, काय झालं होतं? काल हळदीकुंकवाला आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, 'काकू, तुमचं खरंच बरं आहे हो, तुमचा निदान बदलतो तरी.' तेव्हा उद्या सकाळी जा आणि नको म्हणून सांगून या. आणि जाताना शर्ट घालून जा, समोरचं दार उघडं असतं."